गजराबाईने पाइप का तोडला

गजराबाईने सुनेवरचा राग पोराच्या पाण्याच्या मोटरीवर काढला, ही बातमी सकाळी दूध डेअरीवर निघाली तेव्हा तिच्यात नुसता एक कोयता होता. पिठाच्या गिरणीपर्यंत येता येता रॉकेलचा डबा आला. संध्याकाळी मारुतीच्या पारावर तर सून चारुलता रडत रडत माहेरी निघून गेली. हे सांगणाऱ्यांच्या पाठीमागूनच चारुलता दळणाचा डबा डोक्यावर घेऊन घरी गेली, तरी कोणी बातमी मागे घेतली नाही. आमच्या गावात बातमीला चाकं असतात, ब्रेक नसतो.

तर त्यातलं खरं एवढं: कोयता होता. पाइप तोडला, तोही एका ठिकाणी नाही, हात पोचला तिथे तिथे. रॉकेल कोणाच्या तरी डोक्यातलं. आणि रागाचं म्हणाल, तर त्या सकाळी नदीकाठी गजराबाईइतकं थंड कोणीच नव्हतं. थंडी होती म्हणून नव्हे.

गजराबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या नथ्थूभाऊंची बायको, हेमकांतची आई. ठेंगणी, कमरेत जराशी वाकलेली, मिश्री लावून झाल्याशिवाय उजाडलंय हे कबूल न करणारी. तिच्या हट्टाचे किस्से गल्लीला तोंडपाठ आहेत. एकदा शहाद्याच्या बाजारात तिने वांग्याच्या भावावरून इतकं ताणून धरलं की विकणाऱ्याने शेवटी स्वतःच दुसऱ्याच्या टोपलीतली वांगी स्वस्तात आणून दिली. नथ्थूभाऊ बाजारात तिच्यापासून लांब, अनोळखी माणसासारखे चालायचे. पण आता ते नाहीत, आणि ते का नाहीत ते सांगितल्याशिवाय पाइपाची गोष्ट पुढे जात नाही.

गावाच्या खालच्या अंगाला नाला तापीला मिळतो. नदीवर बंधारा झाला तेव्हापासून फुगवट्याचं पाणी मागे नाल्यात शिरतं आणि लग्नातल्या रुसलेल्या मामासारखं तिथेच बसून राहतं. तो आमचा डोह. अलीकडच्या काठाला घाट, पलीकडे भाऊबंदांच्या मोटरी. प्रत्येक मोटरीचा जाड पाइप काठावरून पाण्यात उतरतो. त्याच्या टोकाला जाळीची लोखंडी झडप असते, पाणी वर घेते आणि माघारी जाऊ देत नाही. तिचं खरं नाव इंग्रजी, फूट व्हॉल्व्ह. शेतकऱ्यांनी ते आपल्या सोयीने फुटबॉल करून टाकलं. फुटबॉल गाळात गेला, फुटबॉलमध्ये कचरा अडकला, हे आमचं रोजचं बोलणं.

डोहात जलपर्णी माजली तेव्हा तिच्या मुळ्या फुटबॉलला गुंडाळू लागल्या. मुळ्या काळ्या, केसासारख्या. मोटर पाणी धरेना की कोणीतरी उतरायचं, बुडी मारून मुळ्या ओरबाडायच्या. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाशी नथ्थूभाऊ असेच उतरले ते वर आले नाहीत. पोहणारा माणूस, लहानपणापासून तापीत वाढलेला. पण वर पाणी नव्हतं, जलपर्णीची गादी होती. जिथून उतरले ते भोक त्यांच्यामागे मिटलं. दुसऱ्या दिवशी बांबूंनी गादी ढकलत ढकलत लोकांना ते सापडले. मुठीत मुळ्या होत्या.

पेपरात बातमी आली: 'फुटबॉल काढण्यासाठी पाण्यात उतरलेल्या वृद्ध शेतकऱ्याचा बुडून मृत्यू.' झालं. नंदुरबारहून दूरचे नातेवाईक भेटायला आले तेव्हा एकाने ओसरीवर बसता बसता हळहळून विचारलं, "या वयात कशाला खेळायचं हो? पोरं नव्हती का खेळायला?" ओसरीवरच्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. रडत होत्या की हसत होत्या, ते आजवर ठरलेलं नाही. गजराबाईने मात्र पाहुण्याला चहा दिला आणि म्हणाली, "मैदान ओलं होतं."

गल्ली म्हणाली, बाई दगडाची आहे.

वर्षभराने एका संस्थेचं जलपर्णीचं काम गावात आलं. मयूरी नावाची मुलगी नंदुरबारहून स्कूटीवर यायची, गुडघ्यापर्यंत गमबूट घालून. कामाला बायका हव्या होत्या. गजराबाई पहिली गेली. घरची केळी, घरचा कापूस, घरात कमावता पोरगा, आणि ही दुसऱ्याच्या कामावर चिखलात! भाऊबंदांनी नाकं मुरडली. हेमकांत आठवडाभर मान खाली घालून हिंडला. गजराबाई गेलीच.

त्या कामाला मोसम असतात. दिवाळीनंतर पाणी निवळलं की पाहणी: मयूरी पाइपची चौकोनी चौकट पाण्यावर टाकायची, चौकटीत किती रोपं आली ते मोजायचं, मग पुढची जागा. चारुलता म्हणायची, "आई पाण्याला दार बसवायला जातात." थंडीत आणि उन्हाळ्यात काढणी: बांबूला बांधलेल्या आकड्याने ओढायचं, काठावर घ्यायचं, पुराची रेघ सोडून वर नेऊन मुळं आभाळाकडे करून वाळवायचं. फुलं यायच्या आत संपवायचं, कारण बी गाळात पडलं की वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पावसाळ्यात काम बंद, नुसती नजर ठेवायची.

मयूरीने दाखवलं, की एका रोपाला आडवा देठ फुटतो आणि त्याच्या टोकाला दुसरं रोप धरतं, मग त्याला तिसरं. बायकांनी त्याला लगेच नाव दिलं, पिल. केळीच्या बुडाला फुटतं ते पिल, तसं हे पाण्यातलं. "केळीचं पिल पोसतं," कामावरची बेबीबाई म्हणाली, "हे गिळतं." मयूरीही मग पिलच म्हणू लागली.

तीन मोसम गेले आणि डोह मोकळा झाला. आरशासारखा वगैरे नाही, आमचा डोह कधीच तसा नव्हता, पण पाणी दिसायला लागलं. हेमकांतची मोटर न कुरकुरता पाणी ओढू लागली. गजराबाईला एवढंच हवं होतं. डोह मोकळा तर फुटबॉल मोकळा, फुटबॉल मोकळा तर पोरगा पाण्यात उतरणार नाही. बाकी चौकटी, पाहणी, संस्था, हे सगळं तिच्या लेखी त्या एका गोष्टीच्या भोवतीचं कुंपण.

आणि मग श्रावणात कानबाई आली.

कानबाई आमच्याकडे रविवारी बसते आणि सोमवारी जाते. एका रात्रीची पाहुणी, पण थाट असा की घरातली सून आठवडाभर झोपत नाही. भाऊबंदांच्या पाळीत यंदा देवी गजराबाईच्या घरी होती. चारुलताने मोबाइलवर कुठल्यातरी गावच्या कानबाईचा फोटो पाहिला: चौरंगाभोवती जांभळ्या फुलांचे तुरे, प्रत्येक तुऱ्यातल्या वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा डोळा. बायका त्याला मोरफूल म्हणतात. देठावरून तोडलं तर ते तासाभरात मान टाकतं, म्हणून तिने नवऱ्याला सांगितलं, मुळासकट आणा. हेमकांतने तापीच्या मोठ्या पात्रातून दोन बादल्या भरून आणल्या. बादलीत ती रोपं अशी फुगून बसली, जणू त्यांनाच न्हाऊ घालणार आहेत.

मोरफूल म्हणजे जलपर्णी, हे सांगायला नकोच. आईने तीन वर्षं कंबर मोडून जे डोहातून काढलं, ते लेकाने बादलीने घरात आणलं.

गजराबाई दारात थबकली. "हाई काय शे?"

"देवीनं फूल शे, आई," चारुलता म्हणाली. "किती शोभस दखा!"

"फूल शे ते घर मा ऱ्हाऊ दे. डोह मा जावाले नको."

सुनेने मान डोलावली. मनाने ती वाईट नाही. फोटो मात्र तिने त्याच रात्री स्टेटसला टाकला, आणि सकाळपर्यंत सगळी गल्ली मोरफुलं बघायला घरात.

अडचण अशी, की कानबाईचा नारळ तेवढा घरी परत येतो. तो पिढ्यान्‌पिढ्या तोच. बाकी जे जे देवीला लागलं ते ते पाण्यात. त्यातली पाकळीसुद्धा घरात राहू द्यायची नाही. हे कोणी शिकवत नाही, आईच्या कडेवर बसून आपोआप कळतं. सोमवारी मिरवणूक निघाली. कानबाई डोक्यावर, डफ पुढे, आणि चारुलताने कौतुकाने वाटलेलं एकेक मोरफूल प्रत्येक बाईच्या ताटात, मुळासकट. तापीला पूर होता म्हणून सगळ्याजणी घाटाकडे वळल्या, डोहाच्या शांत पाण्याकडे.

घाटावर गजराबाई आधीच बसली होती, खताचं रिकामं पोतं तोंड उघडून.

"फूल पोतामा टाका," ती प्रत्येकीला म्हणत होती. "बाकी पाणी मा सोडा. फूल पोतामा."

"माय वो!" जमनाबाई थांबली. जमनाबाई गजराबाईची शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर; तिच्या घरात काय शिजलं ते हिच्या घरात आधी कळतं. "कानबाईनं निर्माल्य कोन्ही पोतामा टाकस का वो वहिनी? ते काय म्हशीनी वैरण शे?"

"म्हैस बी खात नई हाई. टाक."

"देवी कोपनी म्हणजे?"

"मन्हावर कोपू दे. टाक."

बायका हसल्या, कुरकुरल्या, पण टाकत गेल्या. गजराबाईच्या तोंडाला लागायला दुपार मोकळी ठेवावी लागते आणि सगळ्यांच्या घरी प्रसादाचे रोट जेवायचे राहिले होते. पोतं भरलं. ते तिने वर बांधावर नेऊन उलटं केलं आणि रोपं वाळायला पसरली. गावात तेवढ्यावरून पसरलं की गजराबाईने कानबाईच्या अंगावरची फुलं ओरबाडली.

जमनाबाईचं फूल पोत्यात पडलं नव्हतं. तिच्या मोठ्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, आणि मनात नवस बोललेलं फूल पोत्यात कसं टाकायचं? ते तिने पदराखाली धरलं, घाटाच्या कडेला जाऊन डोळे मिटून पाण्यात सोडलं. तिला बघून मागच्या दोघीचौघींनीही. हे आम्हाला कसं माहीत, म्हणाल तर जमनाबाईनेच सांगितलं, मुलीचं लग्न ठरल्यावर, पेढे वाटताना.

ती रोपं वाऱ्याने पलीकडच्या काठाला गेली आणि बेशरमाच्या जाळीत शिरली. बेशरम नावाचं झुडूप आहे, कुठेही उगवतं, कापलं तरी लाजत नाही. गल्लीतल्या काही माणसांची त्याच्याशी सोयरीक असावी. पावसाळ्यात त्या जाळीत साप असतात, कोणी जात नाही. गजराबाईने दोनदा काठाने हिंडून बघितलं, तिला हिरव्यात हिरवं दिसलं नाही. मग कापूस फुटला. कामाच्या सगळ्या बायका वेचणीला गेल्या. बंधाऱ्याची दारं बंद झाली, पाणी चढलं, आणि बेशरमाच्या जाळीतून पिलांची रांग बाहेर आली.

दिवाळी उरकून मयूरी परत आली तेव्हा मोटरींचा काठ झाकला होता. ती घाटावर उभी राहिली आणि कितीतरी वेळ गमबूटच घालेना.

"मावशी, आपण सगळं काढलं होतं ना?"

"काढलं व्हतं," गजराबाई म्हणाली. सुनेचं नाव घेतलं नाही. पोराचंही नाही.

दोघीच कामाला लागल्या. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून पाण्यात जायच्या, ओढायच्या, काठाला आणायच्या. त्याच फळीवर एकदा गजराबाईने मयूरीला ती गोष्ट सांगितली जी तिने भाऊबंदात, गल्लीत, देवापुढे, कुठेच सांगितली नव्हती. काम सोडून जाताना मयूरीने ती आमच्या ओट्यावर बसून सांगितली, आणि तेव्हा ओट्यावर कोणालाच विनोद सुचला नाही.

नथ्थूभाऊ उतरले त्या दिवशी काठावर गजराबाई होती. पंपात पाणी भरून ती स्टार्टरपाशी उभी होती. उतरताना ते म्हणाले होते, "मी पाइप हालावस, तव्हय तू बटन दाबजो." फुटबॉल मोकळा झाला की ते खालून पाइप हलवणार, ही त्यांची नेहमीची खूण. ती पाइपाकडे बघत राहिली. पाइप हलला. जोरात हलला. तिने हिरवं बटण दाबलं. पाणी आलं, भरभरून आलं. मोटर सुरू म्हणजे काम झालं, तो माणूस आता पलीकडून वर येईल, अंग पुसेल, बिडी ओढेल. ती पाटाच्या पाण्याचं दार फिरवायला केळीत निघून गेली. परत आली तेव्हा काठावर त्यांचे कपडे तसेच होते. मोटर चालू होती.

पाइप कशाने हलला होता, ते तिला तेव्हा कळलं.

एवढं घेऊन ही बाई पाहुण्याला म्हणाली होती, मैदान ओलं होतं.

आता ती सकाळ. मार्गशीर्षातली, दव पडलेलं. हेमकांतची केळी निसवली होती, घड बाहेर पडत होते, अशा वेळी केळीला पाणी तोडून चालत नाही. मोटर नुसती घरघरली, पाणी धरेना. गजराबाई त्याच काठाला जरा वर बेशरम तोडत होती, हातात कोयता. तिने मोटरीचा आवाज ऐकला आणि काठाने चालत आली. हेमकांत शर्ट काढून दगडावर ठेवत होता. कंबरेला दोर बांधलेला, दुसरं टोक बाभळीला. बापाच्या मरणातून एवढंच शिकला होता.

"नको उतरू," ती म्हणाली. "आम्ही काढतस ना. परवादिन लगून मोकळं व्हई."

"परवादिन लगून घड काळे पडतीन माय. दोर शे ना कंबरले."

"दोरले बी मुळ्या गुंडाळाई जातीस."

"मग काय दखत बसू?" तो चिडला. पाय पाण्यात टाकला, जलपर्णी बाजूला सारत कंबरेपर्यंत गेला. मग वळून, बापाने म्हटलं होतं ते अक्षर न बदलता म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. ती खूण घराण्यातलीच.

"मी पाइप हालावस, तव्हय तू बटन दाबजो."

गजराबाई स्टार्टरपाशी गेली. बटणाकडे बघितलंही नाही. पंपाला जिथे पाइप जोडलेला तिथे तिने पहिला घाव घातला. जाड पाइप, एका घावात तुटत नाही; दुसरा, तिसरा. तुटलं टोक सळसळत उतारावरून घसरलं, तिने त्याच्यावर पाय दिला आणि पुढे तोडला, आणि आणखी पुढे, पाण्याच्या कडेला चिखलात गुडघे टेकून. उरलेला पाइप फुटबॉलच्या वजनाने जलपर्णीखाली गेला. वर पुन्हा हिरवं मिटलं.

"माय! येडी व्हई गयी का तू? काय करी ऱ्हायनी?"

"आते हालावाले काय शे?" ती म्हणाली. "निंघ बाहेर."

तो निघाला. काठावर येऊन आईसमोर उभा राहिला. हात उगारला होता असं पलीकडच्या शेतातला धुडकू सांगतो. धुडकू पुष्कळ सांगतो. पण हेमकांतने शर्ट उचलला आणि ओल्या अंगानेच गावाकडे गेला, एवढं सगळ्यांनी बघितलं.

त्याने नवा पाइप आणला तो ओसरीवर पडून राहिला. कारण गजराबाई रोज सकाळी मिश्री लावून, कोयता घेऊन, मोटरीपाशी जाऊन बसायची, आणि गल्लीतला कोणताही शहाणा तिच्याजवळ जाऊन तिला उठवायला तयार नव्हता. भाऊबंदांच्या मोटरीही बंदच. ते मनातल्या मनात खूश, की आता न उतरल्याचं खापर फोडायला गजराबाई आहे. मयूरी आणि ती ओढत राहिल्या, पण दोघींच्या ओढण्यापेक्षा पिलं फुटण्याचा वेग जास्त होता. कापूस संपून बायका परत येईपर्यंत केळीची पानं पिवळी पडली, मग तपकिरी. घड अर्धेमुर्धे काळवंडून लोंबकळले. एके सकाळी वाऱ्याने रांगच्या रांग कंबरेतून मोडली, आणि ते सगळ्या गावाला घरातून ऐकू आलं.

हेमकांत आईशी बोलत नाही. जेवायला एका चुलीवरचं, पण ताट घेऊन अंगणात जातो. चारुलता मधे उभी राहून दोघांचे निरोप पोचवते: "ते विचारतात, पोतं कुठे ठेवलं," "आई सांगतात, गोठ्यात." मोरफुलाचं तिला कोणी काही बोललेलं नाही. पोतं कुठे आहे ते तिला आईने सांगण्याआधीच माहीत असतं, हल्ली ती दुपारी स्वतःच आकडा घेऊन डोहावर जाते. सासूच्या शेजारी उभी राहते आणि ओढते.

मोटरींच्या काठाचा एक तुकडा मोकळा झालाय आता. पुढच्या पावसापर्यंत तेवढा तरी टिकेल, असं मयूरी जाता जाता म्हणाली. म्हणताना आमच्याकडे बघत नव्हती.

परवा संध्याकाळी गजराबाई चिखलाने भरलेले पाय ओट्यावर धूत होती. जमनाबाई तिच्या भिंतीवरून वाकली. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायची होती, पण त्याआधी तोंड स्वस्थ बसेना.

"वहिनी वो, बठ्ठी केळी वाळी गयी ना! डोळासले दखवत नई. हेमूनं वरीसभरनं गयं. जरासा धीर धरती ते काय बिघडतं?"

गजराबाईने तांब्या खाली ठेवला.

"वाळू दे. केळीले पिल फुटस. तुन्हा नथ्थूभाऊले फुटनं का एखादं?"